विश्वासार्हता: कमी

ऑफिसात साहेबांना सगळे ‘कशावरून’ म्हणत. विमा कंपनीत दावे तपासायचं काम होतं. कोणी म्हणालं, गोदामाला आग लागली, की यांचा पहिला प्रश्न तोच. निवृत्त झाल्यावर हे नाव घरीही आलं, कारण प्रश्न घरी आधीपासून होताच. बायको म्हणाली दूध नासलंय, तर हे पातेल्यात वाकून बघणार. तिनं त्याचं वाईट वाटून घेणं कधीच सोडून दिलं होतं.

असा माणूस वंशावळीच्या नादी लागला की काय होणार? त्यांनी वंशावळीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि खिडकीपाशी टेबल मांडलं. बाकीचे लोक त्यात नावं भरतात, फोटो चिकटवतात आणि आठवडाभरात कंटाळतात. हे रमले ते प्रत्येक नोंदीखालच्या ‘स्रोत’ या चौकटीत. माहिती कोणी दिली, कुठे पाहिली, पान कोणतं, तारीख कोणती, आणि सगळ्यात शेवटी विश्वासार्हता: जास्त, मध्यम किंवा कमी. नातेवाईक राहिले बाजूला, रकान्यांचाच संसार सुरू झाला. बायको चहा ठेवून जायची आणि थंड झालेला उचलून न्यायची.

खरं म्हणजे त्यांना खापरपणजोबा वगैरे कोणी नको होतं. त्यांना आई हवी होती. ते धड उभं राहायला शिकायच्या आत ती गेली. तिचा एकच फोटो होता, त्यातही ती भेदरून कॅमेऱ्याकडे बघत होती. बाकी सगळी आई होती ती ताईकडे. ताई तेव्हा शाळेत जाणारी होती, तिला सगळं आठवत होतं. पण आई हवीय असं म्हातारपणी तोंडानं म्हणायचं कसं? त्यापेक्षा वंशावळ करतोय म्हणणं सोपं होतं.

ताई मागच्याच गल्लीत, मुलाकडे राहायची. हे वही न घेता जायचे, ऐकायचे आणि घरी येऊन भरायचे. ताईचं बोलणं म्हणजे धबधबा.

“आई चालता चालता मध्येच एक उडी मारायची रे.”

“कशावरून?”

“अरे कशावरून काय? माझा हात तिच्या हातात असायचा. खांदा निखळायची वेळ यायची माझ्यावर!”

हे हसायचे आणि घरी येऊन स्रोताच्या चौकटीत लिहायचे: ‘ताई, फोडणी देताना.’ कधी ‘ताई, फोनवर, सर्दी झाली होती.’ कधी नुसतंच ‘ताई’. काका आणि जुन्या शेजारीणबाईही अधूनमधून काहीबाही सांगत, तेही असंच कुठेतरी कोंबलेलं. होता होता स्रोतांची यादी इतकी लांबली, की बघून त्यांनाच गरगरायला लागलं. दावे तपासणाऱ्या माणसाच्या घरात असला पसारा? मग एका सकाळी ते कंबर कसून बसले. दाखले, नोंदी, दवाखान्याची कागदपत्रं वेगवेगळी लावली. आणि ताई, काका, शेजारीणबाई, सर्दी, फोडणी, सगळ्यांवर खुणा करून एकाच स्रोतात विलीन केलं: ‘तोंडी माहिती. विश्वासार्हता: कमी.’ यादी एका पडद्यावर मावली. त्यांनी समाधानानं अंघोळीला जाताना शीळसुद्धा घातली.

मग वंशावळ छान कागदावर छापून, बांधून, पहिली प्रत ताईला दिली. तिनं चष्मा पुसला आणि आईचं पान काढलं. लग्न, दाखल्यावरून, विश्वासार्हता जास्त. मृत्यू, नोंदीवरून, विश्वासार्हता जास्त. मग बोट खाली सरकलं आणि तिनं मोठ्यानं वाचलं, “खळखळून हसायची. तोंडी माहिती. विश्वासार्हता कमी.”



“म्हणजे आई मेली हे नक्की,” ताई म्हणाली, “आणि हसायची ते मात्र खोटं?”

“खोटं नाही गं. पुरावा नाही, एवढंच.”

“मी होते की तिथे.” तिनं पान उलटून पाहिलं, परत सुलटं केलं. “यात माझं नाव कुठेय रे छोट्या?”

इथे गप्प बसायला हवं होतं. पण नाही. साहेबांनी तिला रकाने समजावून सांगितले! प्रत्यक्ष कागद म्हणजे काय, ऐकीव म्हणजे काय, विलीन करणं का सोयीचं. ताईनं सगळं ऐकून घेतलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, “बरं.”

घरी येईपर्यंत त्यांचं त्यांनाच उमगलं. कमी या शब्दात नुसती शिस्त नव्हती, थोडी असूयाही होती. हिला आई मिळाली, आपल्याला नाही, ही सल आयुष्यभर होती आणि ती नेमकी त्या रकान्यात उतरली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ताईचं नाव परत घालायला ते धावले. पण विलीन केलेलं वेगळं होईना, आणि आधीची फाइल त्यांनी स्वतःच पुसून टाकलेली. कोणतं वाक्य ताईचं, कोणतं काकांचं, हे आता एकटी ताईच सांगू शकत होती. ते गेले, माफी मागितली. ती म्हणाली, “वेडा आहेस का, मी कशाला रागावू?” गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलली, भाजीच्या भावाबद्दल बोलली. आईचं विचारलं की म्हणायची, “आता नाही आठवत रे.” दर खेपेला तेच, आणि तेही अगदी मायेनं.

एकदा दुपारी ते गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं. आत ताई सुनेची वेणी घालत होती.

“हलू नकोस गं. माझी आई रिबीन दातांत धरायची आणि तशीच बोलायची. एक अक्षर कळायचं नाही. मग दोघी हसत सुटायचो.”

साहेब दाराशी थांबले.

“आणि छोट्या मांडीवर. तो रडायला लागला ना, की आई काय करायची माहितीये—”

त्यांचा हात आपोआप पुढे गेला आणि दार उघडलं.

ताई थांबली. “ये रे, बस. चहा टाकते.”

“ताई,” ते म्हणाले, “मी रडायला लागलो की काय करायची आई?”

सून एकदा ताईकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. ताईनं अर्धी वेणी तिच्या हातात दिली आणि गुडघ्यांवर हात टेकत उठली.

“आता नाही आठवत रे,” ती म्हणाली.

खोटं ओळखण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. पण ‘कशावरून’ त्यांनी विचारलं नाही. चहा आला, तो त्यांनी गरम असतानाच प्यायला.