यंदाचा शब्द

पेंटरचा हात म्हणजे हात होता, त्यात वाद नाही. दुसऱ्यांच्या भिंती रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण जीव होता तो स्वतःच्या घरातल्या एकाच भिंतीवर, जेवणाच्या टेबलामागच्या. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो बायबल उघडून बसायचा, प्रार्थना करायचा आणि येत्या वर्षासाठी घराला एक शब्द निवडायचा. मग जुना शब्द घासून, भिंतीला पांढरा हात मारून, त्यावर नवा काढायचा. चर्चमधले लोक घरी आले की म्हणायचे, "मुलांना वळण लावावं तर असं!" पेंटरची छाती फुगायची.

मूल एकच, मुलगी. आणि खरं सांगायचं तर सगळे शब्द तिच्याच मापाने बेतलेले. तिला गणितात कमी गुण पडले, त्या वर्षी 'परिश्रम'. उलट बोलायला लागली, त्या वर्षी 'आज्ञापालन'. बायको एकदा वैतागून म्हणालीसुद्धा, "अहो, निवडायचं तुम्ही आणि पाळायचं आम्ही, हे बरंय की! एखाद्या वर्षी तुमच्या रागासाठीही काढा ना काहीतरी." पेंटरने ब्रश धुतला आणि ऐकूच न आल्यासारखं केलं. त्या कलेतही तो पटाईत होता.

गेल्या वर्षीचा शब्द 'सत्य'. चर्चमधल्या गाण्याच्या सरावाला जाते सांगून मुलगी मैत्रिणीकडे जाऊन बसली होती, ते उघडकीला आलं होतं. हा शब्द टिकावा म्हणून पठ्ठ्याने साध्या रंगाऐवजी ऑइलपेंट वापरला. मग टेबलाशी बसून, बायबलवर हात ठेवून म्हणाला, "या वर्षी या घरात खरं बोलणाऱ्यावर कुणी आवाज चढवणार नाही. माझं वचन आहे."

पोरीने ते खरं मानलं. मोठी होऊन नोकरीला लागलेली, पण बापाच्या बोलण्यावर भरवसा मात्र लहानपणीचाच. थोड्याच दिवसांनी, जेवणाआधीची प्रार्थना संपवून पेंटरने ताट पुढे ओढलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पप्पा, एक सांगायचंय. मला हल्ली प्रार्थना येतच नाही. मी नुसती डोळे मिटून बसते. आत काही नसतं. सरावालाही म्हणूनच गेले नव्हते. मला भीती वाटते हो. तुम्हाला झालंय का असं कधी?"

अरे, पोर विचारत होती! भांडत नव्हती. एवढंच ओळखायचं होतं. पण पेंटरचं डोकं फिरलं. "देवाला फसवतेस? माझ्या घरात? मग या टेबलावर जेवायचं नाही!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारची दारं उघडली.

मुलगी उठली. ताट उचलून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभ्याने जेवली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग रोजच. पेंटरला वाटायचं, येईल ताळ्यावर. 'ये, बस' एवढं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. शेवटी तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. फोन यायचा तो आईलाच. चर्चमध्ये पेंटर सांगायचा, "बढती मिळाली तिला." हे सांगताना त्याला भिंतीवरचं 'सत्य' आठवत नसे.

वर्ष सरलं. ती उरलंसुरलं सामान न्यायला येणार असं कळलं आणि पेंटरचा जीव खालीवर झाला. लेक पुन्हा टेबलाशी बसली पाहिजे, एवढं एकच त्याला हवं होतं. सरळ 'चुकलो' म्हणून मोकळा झाला असता तर! पण नाही, हा बसला नवा शब्द काढायला. ऑइलपेंट निघता निघेना. पात्याने खरवडून खरवडून गिलावा उडाला. तिथे पुट्टी भरून, घासून त्याने नवा शब्द काढला, 'क्षमा'.

"कुणी कुणाची मागायची?" बायकोने विचारलं.

"घरात... सगळ्यांनीच."

"म्हणजे तिने," बायको म्हणाली आणि आत निघून गेली.

लेक आली. बॅगा भरल्या. पेंटरने स्वतः टेबल पुसलं, तिची खुर्ची ओढून ठेवली. तिने ताट वाढून घेतलं आणि ओट्याशीच उभी राहिली.

"इथे बस ना," पेंटर म्हणाला.

"राहू दे पप्पा. सवय झालीय." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. निघताना तिने भिंतीकडे पाहिलं. "अक्षर छान आलंय."

'पोरी, चुकलं माझं' अगदी ओठांवर आलं होतं. बाहेर पडलं ते भलतंच. "दोन हात दिलेत रंगाचे."

"हं," म्हणून ती गेली.

संध्याकाळी बायकोने त्याला एकट्याला वाढलं आणि आपलं ताट घेऊन ओट्याशी गेली. पेंटरने हात जोडले, डोळे मिटले. आयुष्यभर म्हटलेली, तोंडपाठ असलेली प्रार्थना, पण एक ओळ येईना. आत काहीच नव्हतं. तो तसाच बसून राहिला, नुसता डोळे मिटून.

"झाली का प्रार्थना?" बायकोने आतून विचारलं.

"झाली," तो म्हणाला आणि त्याने ताट पुढे ओढलं.