माझा गुडघा आणि त्याचा बॅकहँड

एका हाताने बॅकहँड मारणारा माझ्या टेनिस डबल्सच्या जोडीदारासारखा दुसरा माणूस अख्ख्या नागपुरात नाही, आणि नाही हेच बरं. दोन असते तर शहराला झेपले नसते. काटोलला संत्र्याची बाग आणि राहायला रामदासपेठ, असा हा सत्तरी ओलांडलेला गृहस्थ. बागेकडे मुलगा लक्ष देतो आणि हा आपलं सगळं लक्ष बॅकहँडकडे देतो. बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकापाशी, अगदी स्मशानघाटावर लाकडं यायची वाट पाहतानासुद्धा त्याचा उजवा हात डाव्या कमरेपासून निघून वर जात असतो. या फटक्यात तोल सांभाळायला डावा हात मागे फेकावा लागतो, हे ज्ञान त्याने कित्येकांना अंगावर दिलं आहे. सावनेरच्या एका लग्नात हात धुवायच्या रांगेत हा असाच एक बॅकहँड मारून मोकळा झाला आणि मागे उभ्या नवरीच्या मामांचा मठ्ठ्याचा ग्लास उडाला. मामा डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. हा मला म्हणतो, "पाह्यलं का गा, खांदा किती मोकळा फिरला?"

"मामांना विचार," मी म्हटलं.

दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्यांचा त्याला राग नाही, कीव येते. "दोन हात काहून लावते? विहीर खोदून राहिला का?" असं तो कोर्टाबाहेरून ओरडून विचारतो. त्याहून जास्त कीव त्याला मोठ्या हेडच्या रॅकेटची. क्लबात सगळ्यांच्या रॅकेटी मोठ्या तोंडाच्या. त्यांना तो सरसकट 'झारा' म्हणायचा. त्याची स्वतःची जुनी रॅकेट इतकी लहान हेडची, की नवा माणूस ती नातवाची आहे असं समजायचा. तो बिचारा तसं बोलून बसला की मग शिकवणी सुरू. "हे पाह्य, मधात संत्र्याएवढी जागा असते. तिथं लागला बॉल, त हाताले समजतबी नाही. झाऱ्यात कुठंही लागला तरी जाते पलीकडं. मंग मारलं कोणं, तू का झाऱ्यानं?" शिवाय लहान हेड हवेत अडत नाही, एकट्या मनगटाचं ऐकतं, वगैरे. मे महिन्यात सारं नागपूर डोक्याला दुपट्टा बांधून हिंडतं; हा ओला दुपट्टा रॅकेटला बांधायचा आणि स्वतः बोडका यायचा. बायकोने टोकलं तर म्हणायचा, "मले लू लागली त पन्हं हाय. इच्या तारांले लागली त काय पाजू?"

पण कमरेइतक्या उंचीचा बॉल त्या रॅकेटने तो असा मारायचा, की समोरचे धावायचं विसरून बघत राहायचे. मीही जोडीदार असून बघत राहायचो. बॉल खांद्याइतका उडाला की मात्र गोष्ट वेगळी. त्या उंचीवर एकट्या हाताला जोर नसतो, आणि लहान हेडमध्ये चुकीला जागा नसते. बॉल फ्रेमला लागून थेट स्कूटर स्टँडवर. "बॉलच बेकार आला," एवढंच तो म्हणायचा.

आता मुद्द्याचं. आमच्या जोडीत मी डावीकडे आणि तो उजवीकडे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझं मागे धावणं संपलं. समोरचे काही खुळे नव्हते. त्यांनी बॉल माझ्या डोक्यावरून उंच टाकायला सुरुवात केली. मी वर बघून "तुझा" म्हणायचो, आणि तो उजवीकडून धापा टाकत माझ्या मागे येईपर्यंत बॉल टप्पा घेऊन नेमका त्याच्या खांद्याशी, बॅकहँडला. बॉल स्कूटर स्टँडवर. आम्ही रोज हरायला लागलो. एका सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीपाशी मी त्याला म्हटलं, "दुसरा जोडीदार पाहा. माझ्यापायी हरतोस."

त्याने पोहेवाल्याला अजून तर्री मागितली आणि दुसराच विषय काढला.

पुढच्या आठवड्यात तो मोठ्या हेडची, नवी कोरी रॅकेट घेऊन आला. क्लबात नुसता सण. "काय काका, आले का झाऱ्यावर?" जो तो येऊन विचारत होता. त्याने कपाळावर आठ्या पाडून सांगितलं, "डोळे गेले गा कामातून. लहान्यात बॉल सापडत नाही."

तेव्हापासून क्लबात प्रत्येक नव्या सभासदाला ही गोष्ट ऐकवतात: जन्मभर लहान हेडचा हट्ट धरला, शेवटी डोळ्यांनी जिरवली. सगळे हसतात, हाही हसतो, आणि मी चहा पितो. आमची जोडी पुन्हा जिंकायला लागली होती, म्हणून मला गप्प बसणं सोयीचं होतं. पण आता माझंही वय झालं. ही गोष्ट अशीच मागे राहिली तर मला बरं वाटणार नाही. त्याचे डोळे ठणठणीत आहेत. मला बस दिसायच्या आधी तो तिच्यावरची काटोलची पाटी वाचतो. मोठं हेड त्याने त्या एकाच बॉलसाठी घेतलं, जो माझ्या डोक्यावरून जातो.

परवा मी जरा लवकर गेलो. सरावाच्या भिंतीपाशी तो एकटाच होता आणि हातात जुनी रॅकेट. कमरेच्या उंचीचा बॉल, एक हात, डावा हात मागे, आणि तारांचा तो भरीव, गोड आवाज. मी कुंपणाशी थांबून बराच वेळ ऐकत राहिलो. त्याने वळून पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "आज हिनंच खेळ ना."

"मंग उंच बॉलमागं तू धावशील का?" त्याने हसत विचारलं.

त्याने जुनी रॅकेट पुसून पिशवीत ठेवली, मोठी काढली, आणि "चाल, समोरचे पोट्टे आले" म्हणत कोर्टाच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. डावी बाजू त्याने माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.