भिंतीतला पाइप

ही गेली आणि पोरानं मला जुळे सोलापुरात त्याच्या फ्लॅटवर नेलं. मागं आमचं दोन खोल्यांचं घर बंद पडलं. लग्नानंतर आमचं म्हणून घेतलेलं पहिलं घर ते. पोरगा म्हणाला, "अप्पा, इकायचं न्हाय. वर्षानुवर्षं टिकंल असा भाडेकरू बघू. घर जागतं राहील आन् तुमालाबी आधार." मला पटलं. बंद घर वाळवीला लवकर सापडतं.

अडलं ते पाइपावर.

आमच्या गल्लीत पाणी काही दिवसांआड येतं. आमच्या नळाला जोर लई. शेजारच्या अक्काची लाईन दुसरी, टोकाची, तिथवर पाणी पोचतच नाही. अक्का विणकराच्या घरातली, तेलुगू बोलणारी, एकटीच राहते. हिनं मधल्या भिंतीला भोक पाडून घेतलं आणि त्यातून पाइप सोडला. पाणी आलं की आधी अक्काचं पिंप, मग आमचा हौद. पिंप भरलं की अक्का भिंतीवर तांब्या वाजवणार. हिनं इकडून पळी वाजवली की अक्काला कळायचं, पाइप काढला. दोघींचा सगळा संसार असाच गेला.

पोरगा म्हणाला, "ते भोक आधी बुजवा. पाण्याचं भांडण इकत कोण घेईल?"

"मग अक्कानं काय प्यायचं?"

"टँकर येतो की."

"हंडा घेऊन तू पळणार व्हय त्याच्यामागं?"

त्यानं विषय बदलला. पण भाडेकरू घर बघायला यायचे होते त्या दिवशी गवंड्याला बोलावून ठेवलंच. घमेल्यात सिमेंट कालवलेलं. नवरा-बायको आली, आणि नेमकं तेव्हाच नळाला पाणी आलं. मी सवयीनं पाइप भोकात घातला.

बाई तिखट होती. "हे पाणी कुटं चाललंय?"

"शेजारी."

"आन् आमचं?"

"मागनं."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. पोरगा घाईनं म्हणाला, "आजच बंद करणार हाय, ताई." आणि गवंड्याला खूण केली. मी जाऊन भोकाला पाठ लावून उभा राहिलो.

"आधी मला बुजव," गवंड्याला म्हणालो.

"अप्पा, लोकांसमोर तमाशा करू नका!"

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी पाइप ढकलला. तो माझ्या पाठीला लागून खाली पडला, मोरीतून खोलीभर पाणी झालं. भिंतीतून अक्काचा आवाज आला, "राहू द्या अण्णा. घर लागू द्या."

हिच्या हातचं भोक, हिनं अक्काला दिलेला शब्द. मी वाकलो आणि पाइप परत आत घातला.

बाई म्हणाली, "सकाळी पोरांची शाळा असती. आमी आधी भरणार."

"एकच पिंप हाय तिचं. ते आधी."

"मग न्हाय जमणार." ती दारापर्यंत गेली. पोरगा माझ्याकडं असा बघत होता, जसं काय मीच त्याच्या घराला आग लावली. चप्पल घालता घालता तिनं विचारलं, "म्हातारी एकटीच हाय?"

"व्हय."

"आन् पाणी मधीच गेलं तर?"

"तुमच्याकडं हौद हाय. तिच्याकडं काय हाय?"

ती नवऱ्याला घेऊन निघून गेली. दोन दिवसांनी घर घेतो म्हणून निरोप आला. पाइपाचं करारात लिही म्हणालो, तर पोरगा म्हणतो असलं लिहीत नसतात. म्हणजे सगळा भार बाईच्या मनावर.

ती राहायला आल्यावर पहिल्यांदा पाणी यायचं होतं त्या दिवशी मला फ्लॅटवर बसवेना. रिक्षा करून गल्लीत गेलो, आपल्याच दाराबाहेर चोरासारखा उभा राहिलो. आत नळ जोरात चालू. पाणी हौदात पडतंय का पाइपात, बाहेरून काय कळतंय? मग पलीकडं तांब्या वाजला. जीव भांड्यात पडला. पण आतून उत्तर नाही. अक्कानं परत वाजवलं. तरी नाही. पिंप भरून वाहत असणार, म्हातारी ओल्यात पाय घसरून पडायची. माझा हात कडीवर गेला. दुसऱ्याला दिलेल्या घराची कडी.

आतून बाई ओरडली, "आले, आले, आक्का!" आणि भिंतीवर ठकठक झालं. प्लास्टिकच्या मगाचा बसका आवाज. हिच्या पळीचा नव्हता.

कडीवरचा हात काढला आणि रिक्षा बघायला लागलो.