डाव्या हाताची नोंद

मदतनीस बाईंच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत अकरा चावे होते, आणि शाळेच्या कागदोपत्री त्यातला एकही नव्हता.

बाई पूर्वी इस्पितळात आया होत्या. सतरा वर्षं लोकांची ओरड ऐकून त्यांचे कान निबर झालेले, म्हणून शाळेने त्यांना घेतलं आणि तिसरीतली एक पोरगी त्यांच्या गळ्यात घातली. अख्खी शिक्षकखोली त्या पोरीला ‘तोफ’ म्हणायची. तिचा तोल सुटला की बाक उलटायचे, दप्तरं उडायची आणि जवळ येईल त्याला ती चावायची. तीन वर्गशिक्षिकांनी हात टेकले होते. हात टेकणं सोपं असतं, त्याला कसलंच प्रशिक्षण लागत नाही.

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिकांनी बाईंपुढे लाल वही ठेवली. पोरीने काहीही केलं की यात नोंद करायची. महिन्यात तीन नोंदी झाल्या की पालकांना बोलावून दुसरी योग्य शाळा बघायला सांगायचं, असा नियम होता. ती योग्य शाळा कुठे आहे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आजवर सहा मुलं तिकडे पाठवली गेली होती आणि सहाही आपापल्या घरी बसून होती.

बाईंनी महिन्याभरात पोरीची नस ओळखली. तिचं वैर होतं ते घंटेशी. घंटा वाजली की तिच्या अंगात काहीतरी फुटायचं. म्हणून घंटेच्या दोन मिनिटं आधी बाई तिच्या हातात शब्दकोशांचा गठ्ठा द्यायच्या आणि दोघी लांबच्या सामानाच्या खोलीत तो पोचवायला जायच्या. हाताला वजन असलं की पोरगी शांत राहायची. जिन्यात गर्दी असली की बाई पुढे आणि ती मागे. शिवाय रोज एकच धडा, “कान झाकायचे, भिंतीला टेकायचं, दहा मोजायचे.” हा धडा मात्र रोज वाया जायचा.

कधी हे सगळंच फसायचं. मग बाई तिला सामानाच्या खोलीत नेऊन दार लोटायच्या आणि डावा हात पुढे करायच्या. उजव्या हाताने नोंद करायची असायची ना! संध्याकाळी त्याच उजव्या हाताने, गोल गोल अक्षरात त्या लिहायच्या, ‘आज काही घडलं नाही.’ भर उकाड्यातही बाईंच्या अंगात लांब बाह्या. धाकट्या बहिणीने घरी विचारलं तेव्हा इस्त्री लागली म्हणून सांगितलं. बहीण म्हणाली, इतक्या वेळा लागते तर चुरगळलेले कपडे घाल बाई!

वर्ष असं निघालं. पोरगी पाढे शिकली, एका मुलीच्या शेजारी बसायला लागली. आणि एक दिवस मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून तोंडभर कौतुक केलं. सबंध वर्षात एकही नोंद नाही, वरच्या कार्यालयातले लोकही चकित झालेत. म्हणून त्यांनी ठरवलंय की या मुलीला आता मदतनिसाची गरज नाही. बाईंनी उद्यापासून दप्तरखोलीत फायली लावायच्या.

“मॅडम, मी आहे म्हणून काही घडत नाही,” बाई म्हणाल्या.

“पण घडत नाही, हे खरं ना?”

बाईंनी बाही वर सरकवली. मुख्याध्यापिकांनी अकराही चावे मोजले. त्या काही वाईट नव्हत्या. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. मग त्यांनी लाल वही पुढे ओढली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “हे सगळं आता लिहायचं का? लिहिलं तर अकरा नोंदी होतात. मुलगी उद्याच जाईल.”

म्हणजे खरं सांगितलं तर पोरगी जाणार आणि खोटं टिकवलं तर बाई जाणार. ही अक्कल ज्याने नियमात घातली, त्याला एकदा तरी त्या सामानाच्या खोलीत कोंडायला हवं होतं. बाईंनी बाही खाली ओढली.

पोरगी नऊ दिवस टिकली. पहिली नोंद बाकाची, दुसरी खिडकीच्या काचेची. तिसरी त्याच शेजारच्या मुलीची, तिच्या कपाळाला दोन टाके पडले.

आई दाखला घ्यायला दप्तरखोलीत आली तेव्हा फाईल बाईंच्याच हातात होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘यापूर्वी विशेष आधाराची गरज आढळली नाही,’ आणि पुराव्यादाखल लाल वहीची पानं जोडली होती. सगळीकडे बाईंचीच सही.

“ताई, ती बरी झाली होती हो,” आई म्हणाली. “मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं, बरी झाली म्हणून. मग असं काय झालं?”

बाईंना राहवलं नाही. त्यांनी बाही वर केली. “बरी नव्हती झाली. मी लिहिलं नाही. माझंच चुकलं.”

आईने एकेक खूण बोटाने चाचपली. आता ही आपल्याला शिव्या घालणार, असं बाईंना वाटलं, आणि घालाव्यात असंही वाटलं. पण आईने पर्स खाली ठेवली आणि स्वतःची डावी बाही दुमडली. दर सहामाहीला शाळा पालकांकडून एक कागद भरून घ्यायची, ‘घरी वर्तन कसं आहे?’ आई तिथे न चुकता लिहायची, ‘चांगलं.’

पोरगी दाराशी उभी होती. बाईंनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं तर वेळ भरली होती, आणि त्या दिवशी तिच्या हातात शब्दकोश नव्हते.

घंटा वाजली. दोघींचे डावे हात एकदमच पुढे झाले.

पोरीने दोन्ही कान गच्च झाकले, भिंतीला पाठ टेकली आणि ओठ हलवत दहापर्यंत मोजलं. मग कान सोडून ती मदतनीस बाईंकडे बघत राहिली. लाल वहीत याच्यासाठी रकाना नव्हता, आणि फाईल तर केव्हाच बांधून झाली होती.