तिजोरीताईंचं घड्याळ

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे तिजोरीताई म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण ठेवलं अगदी चपखल. कोणाला काय झालंय, कोण कोणापासून लपवून औषधं घेतंय, सगळं ताईंच्या डोळ्यांखालून जायचं आणि पोटात जाऊन बसायचं. चहाच्या वेळी कोणी खोदून खोदून विचारलंच, तर ताई बिस्किट बुडवत म्हणायच्या, "मला बाई काय माहीत? मी आपली नावं लिहून घेते."

त्यांचं वाकडं होतं ते फक्त कम्प्युटरच्या कुलपाशी. दोन मिनिटं हात लावला नाही की स्क्रीन काळी. मग तो लांबलचक पासवर्ड, त्यात एक आकडा, एक चिन्ह, एक कॅपिटल अक्षर. समोर रांग ताटकळलेली, पहिल्याच माणसाला हुडहुडी भरलेली, आणि ताई भलतंच बटण दाबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतायत. कम्प्युटर सांभाळणारे टकले गृहस्थ आले की ताई त्यांना फैलावर घेत. "अहो कुलूपवाले, इथे चोर शिरून नेणार काय? कोणाचा खोकला?"

"नियम आहे ताई, वरून आलाय," एवढं म्हणून कुलूपवाले काढता पाय घेत.

नियमाला बगल कशी द्यायची हे एक्स-रेवाल्या बाईंनी शिकवलं. काट्यांचं मनगटी घड्याळ टेबलावर ठेवायचं आणि त्याच्यावर माउस. खाली सेकंदकाटा फिरत राहतो, माउसच्या पोटातल्या दिव्याला वाटतं की कोणीतरी हात हलवतंय, आणि स्क्रीन बंदच होत नाही. ताई खूश! घड्याळही हाताशीच होतं. नोकरी लागली तेव्हा दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, मोठ्या कौतुकाने दिलेलं. पट्टा काचतो म्हणून त्या ते काढूनच ठेवत.

दादा तसा प्रेमळ, पण रागाला आला की माणसात नसायचा. नोकरी सोड म्हटल्यावर त्याच्या पोरीने नाही म्हटलं, तर त्याने तिचा हात असा पिरगळला की हाड मोडलं. पोर त्याच रात्री एका पिशवीनिशी घराबाहेर पडली. प्लास्टर घालायला आली ती आत्याच्याच दवाखान्यात. खिडकीतून वाकून हळूच म्हणाली, "आत्या, नवा पत्ता लिहून घे. पण बाबांना कळू देऊ नकोस गं. आता मी सापडले तर ते मला जिवंत ठेवणार नाहीत."

"माझ्या तोंडून ब्र निघणार नाही," आत्या म्हणाली.

आणि खरंच निघाला नाही. दादा घरी येऊन रडला, ओरडला, गेलेल्या आईची शपथ घातली. ताई ढिम्म. तो बोलता बोलता ताईंचा फोन उचलून चाळायचा, म्हणून त्यांनी भाचीचा नवा नंबरसुद्धा फोनमध्ये ठेवला नव्हता. दवाखान्याच्या नोंदीत आहे तेवढा पुरे, तिथे कोण हात घालतंय! मनातून त्यांना स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता.

प्लास्टर काढायचा दिवस जवळ आला होता. डॉक्टरांनी वेळ कोणती दिलीय ते बघायला ताईंनी सकाळी भाचीची नोंद उघडली. तेवढ्यात आतून हाक आली, एका म्हाताऱ्या पेशंटची फाइल सापडत नव्हती. सवयीने माउस घड्याळावर ठेवून त्या आत गेल्या. फाइल नेहमीप्रमाणे भलत्याच कपाटात निघाली.

परत आल्या तर टेबलावर संत्र्यांची पिशवी.

"तुमचे दादा आले होते की!" शेजारच्या औषधांच्या खिडकीवरचे कंपाउंडर म्हणाले. "खुर्चीत बसवलं मी त्यांना. आत्ताच उठले, एकदम घाईत. थांबा म्हटलं तरी थांबले नाहीत."

ताईंनी टेबलाकडे पाहिलं. माउस बाजूला सरकवलेला. घड्याळ कोणीतरी हातात घेऊन बघावं आणि पालथं ठेवून द्यावं तसं पडलेलं. आणि समोर स्क्रीनवर भाचीचं नाव, खाली घर, गल्ली, मजला. सगळं लख्ख.

भाचीला आधी कळवायला हवं. नंबर बघायचा, नंबर! त्यांनी हात पुढे केला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळी झाली.

घड्याळाची युक्ती आल्यापासून पहिल्यांदाच कुलूप वेळेवर लागलं होतं, तेही त्यांच्याच तोंडावर. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. आता आणखी चुकला तर कुलूपवाल्यांना शोधत फिरावं लागणार. त्यांनी डावा हात उजव्या मनगटावर घट्ट दाबला आणि लहान मुलासारखं एकेक अक्षर पुटपुटत दाबलं. उघडलं, आणि नंबर बघून त्यांनी भाचीला फोन लावला.

"असशील तशी बाहेर पड! दादा निघालाय तिकडे!"

पलीकडून भाचीचा आवाज आला, अगदी बारीक. "आत्या... तू सांगितलंस?"

"नाही गं! देवाशपथ नाही!" ताई ओरडल्या. पुढे काय सांगणार? घड्याळ? फोन कट झाला.

दुपारपर्यंत ताईंनी रांगेतल्या लोकांची नावं कशी लिहून घेतली त्यांचं त्यांनाच ठाऊक. मग भाचीच्या घरमालकीणबाईंचा फोन आला. पोर मागच्या जिन्याने पोलीस चौकीत पोचली होती. पण एक माणूस येऊन लाथांनी दार फोडून गेला होता. पलंग उलटा केला, कपाट आडवं केलं. "शिव्या काय देत होता हो! कोण होता तो?" बाई विचारत होत्या. ताईंना काही 'माझा भाऊ' म्हणवलं नाही.

भाचीने प्लास्टर दुसरीकडेच काढून घेतलं. मग बऱ्याच दिवसांनी अनोळखी नंबरवरून तिचा फोन आला. हात बरा आहे, नोकरी चालू आहे, जेवते वेळेवर. ताईंनी रडत रडत माउस, घड्याळ, स्क्रीन, सगळं सांगून टाकलं. एरवी दुसऱ्यांचं ऐकून घेणारी बाई स्वतः भडाभडा बोलली.

"मला माहीत होतं आत्या, तू बोलणार नाहीस," ती म्हणाली.

ताईंचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत त्यांनी पेन उचललं. "मग आता कुठे राहतेस? सांग, मी येते भेटायला."

"मीच येईन तुला भेटायला," भाची म्हणाली. "पत्ता तेवढा विचारू नकोस."