फळीवरची येळवस

मुलगी समुद्रावरून घरी आली ती एक लांबलचक फळी घेऊन. लातूरपासून निलंग्यापर्यंत ती फळी जीपच्या टपावर बांधून आणलेली. उतरवताना जीपवाल्यानं विचारलं, "ताई, दार कुठं बसवायलाव?" ती हसली. मला हसू आलं नाही. एकुलती एक लेक वर्षानं घरी येते आणि गल्ली सगळी फळीभोवती गोळा होते, माझ्या वाट्याला तिची मळकी सॅक.

ती कर्नाटकाच्या किनाऱ्यावर लोकांना असल्या फळीवर चढून लाटांवर उभं राहायला शिकवते. हे वाक्य मला अजून नीट म्हणता येत नाही. नातेवाइकांनी विचारलं की मी "पोहायचं शिकवते" एवढंच सांगते. पोहायला ती आमच्याच शेतातल्या विहिरीत शिकली, पाठीला रिकामा डबा बांधून. त्या विहिरीतून समुद्रापर्यंत ती कशी गेली हे मला कळलंच नाही. कळेपर्यंत ती गेलेली होती.

पावसाळ्यात तिकडचा दर्या खवळलेला असतो, शिकायला कुणी येत नाही, तेव्हा तिला सुट्टी, आताही तशीच आलेली. आणि आमच्याकडे सगळे घरी येतात ते येळवशीला. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. पुण्या-मुंबईचे, हैदराबादचे, कुठले कुठले लोक त्या दिवशी आपापल्या शेतात येऊन जेवतात. लातूरचा बाजार ओस पडतो. नेमकी तेव्हा तिच्या किनाऱ्यावर पर्यटकांची झुंबड. आधी मी फोनवर भांडायचे, मग रुसायचे, मग दोन्ही सोडलं. पण दरवर्षी भज्जी, येळवशीची ती मिसळीची भाजी, वाढताना एक द्रोण जास्तीचा लावते, आणि कुणी बघायच्या आत उचलून ठेवते.

फळी जुनी होती, शिकवण्यातून बाद झालेली, पांढरी, दोन्ही टोकं गोल. ती म्हणाली, "आई, तू हिच्यावर चित्र काढ. माझी स्वतःची फळी."

मी शाळेत चित्रकला शिकवते. पेरू, मोर, स्वच्छतेचे संदेश, हा माझा संसार. "कशाचं काढू?"

"तुझ्या मनानं. मी बघणार पण नाही पूर्ण होईपर्यंत." आणि मैत्रिणीच्या लग्नाला देगलूरला निघून गेली. जाताना एवढं सांगितलं की पाय घसरू नये म्हणून लावलेलं वरचं मेण आधी खरवडून काढ, पॉलिश पेपर हलक्या हातानं घास, ॲक्रिलिक वापर आणि शेवटी वार्निश मार.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. लातूरच्या एका पोहण्याच्या तलावावर मुलींना शिकवायला बाई हवी होती. तलावाचे मालक आमच्या ओळखीतले. मी तिला सांगितलं होतं, ती "बघते" म्हणाली होती. मालक म्हणाले होते, येळवशीपर्यंत थांबतो. लातूर म्हणजे त्या समुद्राच्या मानानं हाकेच्या अंतरावर. रविवारी जेवायला येईल, आजारी पडली तर मी जाईन. मी ठरवलं, जिभेनं जे जमलं नाही ते ब्रशनं करायचं. फळीवर अशी येळवस काढायची की पोरीचा पाय तिकडं ठरू नये.

मेणाला नारळाचा वास होता. खरवडताना तो माझ्या हाताला लागला, आणि मला वाटलं, हा हिच्या रोजच्या दिवसाचा वास आहे आणि मला तो आज कळतोय. रडू आलं. ह्यांनी बघितलं आणि फळी उन्हात नेऊन ठेवली.

मग प्रश्न आला, चित्राचं वर कुठलं आणि खाली कुठलं. दोन्ही टोकं सारखीच. फक्त एका टोकाला, खालच्या बाजूनं, तीन पाती बसवलेली. तिथंच एक छोटं भोक. त्यात दोरी बांधतात हे ती बोलली होती.

ह्यांनी फळी उलटी-पालटी करून बघितली. जन्म सगळा शेतात गेलेला माणूस. "पेरनीची तिफणच हाय की ही. तीन फण. फण आधी पानी फाडनार, मंग बाकीची फळी मागून येनार. आन दोरी बघ कुठं हाय. कासरा कुनी शेपटाला बांधतंय का? हेच तोंड."

मला पटलं. आमच्याकडे कुणालाही पटलं असतं. मोबाईलवर बघायचं सुचलंसुद्धा नाही.

पात्यांकडचं टोक वर धरून मी काढायला बसले. सगळ्यात वर आभाळ आणि आमचा आंबा. त्याखाली कडब्याची कोप, येळवशीला उभारतो ते खोपटं, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड. बाजूनं हिरवी ज्वारी, हरभरा. आणि मधोमध डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेऊन चाललेली एक मुलगी. हवा दमट, रंग वाळता वाळेना. मी पंखा लावून बसायचे. शाळेच्या भिंतींवर इतकी वर्षं रंग लावले, पण असा जीव लावून कधी नाही. बिंदग्याखालची चुंबळसुद्धा वेगळी काढली, लाल-पिवळ्या लुगड्याची.

ती आली तेव्हा फळी भिंतीला टेकून उभी होती, पाती वर. ती बघतच राहिली. मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. मग हळूच बापाकडं बघितलं. "कसं झालंय?" मी विचारलं. तिनं मला मिठी मारली ती सोडेचना. "लई भारी झालंय, आई." मला वाटलं, जिंकले.

तरी ती गेली. फळी माझ्याच गोधडीत गुंडाळून. "येळवशीला येते का?" विचारलं तर म्हणाली, "बघते."

पुढं तिच्या कुणा मैत्रिणीनं टाकलेला फोटो माझ्या बघण्यात आला. वाळूत फळ्या ओळीनं उभ्या केलेल्या, सगळ्यांची पाती खाली, मागच्या बाजूला. आणि मधे आमचं शेत, उलटं. आभाळ वाळूत रुतलेलं, कोप लटकलेली, आणि माझी पोर खाली डोकं वर पाय. मी ह्यांना फोटो दाखवला. ह्यांनी चष्मा पुसला, परत बघितला. "मंग कासरा शेपटालाच बांधत्यात म्हना की," म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन शेताकडं निघाले.

मी फोन केला. "सांगितलं का नाहीस? मी पुसून परत काढलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली.

येळवशीला ती आली नाही. शेतात पाहुणे जेवत होते, हे आंबील शिंपडत बांधाबांधानं फिरत होते. तिचा व्हिडिओ कॉल आला. ओले केस, मागे पाणी. कोप दाखव, आंबा दाखव, बिंदगं दाखव. मी दाखवत फिरले. माझ्या मनात तलाव होता. मालकांना संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं.

ती म्हणाली, "आई, लाटेची वाट बघत फळीवर बसतो ना आम्ही, तेव्हा तोंड समुद्राकडं असतं. तेव्हा आपलं शेत उलटं दिसतं. सरळ बघायचं तर मला फिरून बसावं लागतं, किनाऱ्याकडं तोंड करून. आज सकाळी तशी बसले. येळवस होती म्हणून."

"मग?"

"बराच वेळ बसले. मग मागून लाट आली. दिसलीच नाही मला. धाडकन पडले, नाकातोंडात पाणी."

"लागलं का गं?"

"नाही. परत चढले."

"आणि कुणीकडं तोंड करून बसलीस?"

ती माझ्याकडं बघत राहिली, चूक करून आल्यावर लहानपणी बघायची तशी. पण तिची काही चूक नव्हती. सांगायचं ठरवलेलं मी सोडून दिलं. लातूर, रविवारचं जेवण, आजारपण, सगळं.

"पाण्याकडंच बस, बाई," मी म्हणाले. "मागून येणारी लाट कशी दिसणार तुला?"

ती रडली, मग मीही रडले, शेतात, सगळ्या पाहुण्यांदेखत. फोन ठेवला तेव्हा हे आंबिलीचा तांब्या घेऊन समोर उभे होते. "काय म्हनली?"

"येत नाही," मी सांगितलं. "तलाववाल्यांना सांगून टाका, दुसरी बाई बघा म्हणून."