बदकछाप चाकू

"ज्या चाकूने एकदा काही कापलं, तो चाकू माझ्यापुरता मेला," असं शिकारी एकदा म्हणाला होता.

कोर्टातल्या टंकलेखिकेने त्याच्याकडे फक्त पाकीट फोडायला चाकू मागितला होता. त्याच्या खिशात चाकू असतो हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. ते वाक्य ऐकवून त्याने पाकीट तिच्या हातून घेतलं, दातांनी कडेला फाडलं आणि परत दिलं. ती वीस वर्षं लोकांची बोलणी टंकत आली होती, त्यामुळे कोणतं वाक्य गंभीरपणे म्हटलंय हे तिला आवाजावरून कळायचं. हे गंभीर होतं.

त्याला शिकारी हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे. आयुष्यात त्याने डाससुद्धा मारला नव्हता, हाताने वारा घालून तो डासाला दुसरीकडे जाण्याची विनंती करायचा. रक्त पाहिलं की त्याला घेरी यायची. पण त्याच्या घरी काचेच्या कपाटात शिकारीचे एकेचाळीस घडीचे चाकू होते. सगळे जुन्या धाटणीचे, हरणाच्या शिंगाच्या मुठीचे, दोन पात्यांचे: एक टोकदार, दुसरं कातडं सोलायला गोलसर. रोज सकाळी तो त्यातला एक निवडायचा, उजव्या खिशात घालायचा आणि कामावर यायचा. गेटवरचा शिपाई येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नखं कापायच्या कात्र्यासुद्धा काढून ठेवायचा, पण शिकाऱ्याला विचारायचा, "आज कोणता?" शिकारी दाखवायचा, शिपाई मान डोलवायचा.

बायको म्हणायची, घरात एकेचाळीस चाकू आणि मी टोमॅटो बोथट सुरीने चेचते. तिची बहीण आली की दोघी मिळून हे गाऱ्हाणं नव्याने सजवायच्या. शिकारी ऐकून घ्यायचा आणि नवी सुरी आणून द्यायचा. घरात सुऱ्यांचीही बरीच भर पडली होती.

त्याचं काम मुद्देमालाच्या खोलीत होतं. खटल्यातल्या वस्तू तिथे ठेवल्या जात: कुऱ्हाडी, दोऱ्या, फुटलेल्या बाटल्या, एकदा तर एक शिडी. प्रत्येक वस्तूला क्रमांक, प्रत्येकीला पाकीट आणि लाखेचा शिक्का. कोर्टात पाकीट फोडून वस्तू साक्षीदाराला दाखवली की ती परत खोलीत यायची आणि शिकारी तिला पुन्हा पाकिटात घालून शिक्का मारायचा. माणसं एकमेकांना कशाकशाने मारतात ते तीस वर्षं त्याच्या हातांखालून गेलं. त्याला त्यात फक्त वस्तू दिसत आल्या. कदाचित म्हणूनच तो तिथे टिकला.

वस्तू क्रमांक सतरा एका मंगळवारी दुपारी कोर्टातून परत आली. एका ट्रकचालकाचा चाकू. चालक आणि शिंपी एकाच इमारतीत राहायचे, दोघांत सामायिक जिन्यावरून वर्षभर धुसफूस चालली होती. एका संध्याकाळी जिन्यात कोणीतरी शिंप्यावर मागून वार केला. शिंपी वाचला, उजवा हात मात्र कायमचा गेला. चेहरा त्याने पाहिला नव्हता. पोलिसांना चालकाच्या ट्रकमध्ये हा चाकू सापडला, पात्यावर डाग होते. चालकाचं म्हणणं, चाकू माझाच, पण डाग माशाचे, आदल्या दिवशी नदीकाठी मासे साफ केले होते. गावातल्या प्रयोगशाळेने लिहून दिलं की डाग रक्ताचे आहेत, मात्र माणसाचं की दुसऱ्या कशाचं हे ठरवायची सोय इथे नाही.

शिकाऱ्याने यातलं काही वाचलं नव्हतं. त्याने पाकिटाच्या तोंडातून पातं बघितलं आणि चाकू बाहेर काढून उजेडात धरला. पात्याच्या मुळाशी उडणाऱ्या बदकाचा शिक्का होता. बदकछाप चाकू बनवणारा कारखाना सातच वर्षं चालला आणि बंद पडला. हा चाकू शिकारी एकोणीस वर्षं शोधत होता. आता तो त्याच्या टेबलावर होता, आणि कोण्या अडाण्याने त्याच्यावर गंज चढू दिला होता.

टंकलेखिका त्या वेळी वस्तूंची यादी न्यायला खोलीत आली होती. शिकारी खिडकीपाशी बसून तेलाच्या फडक्याने पातं पुसत होता. मुळाशी उमटलेल्या बदकापासून टोकाकडे, एकाच दिशेने, मग खाचेत काडीने कापूस घालून. गुणगुणत होता. त्याला असं बसलेलं तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. चाकू त्याचाच असणार असं धरून ती यादी घेऊन निघाली. मागे पातं मिटल्याचा आवाज आला, घट्ट आणि भरीव. "ऐकलंत बाई?" तो म्हणाला. "याला म्हणतात चाकूचं बोलणं." त्यानंतर त्याने चाकू पाकिटात घातला आणि लाख तापवली.

पुढच्या तारखेला बचावाचा वकील उभा राहिला. वकील नवा होता, आपल्या अशिलावर त्याचा पहिल्या प्रेमासारखा विश्वास होता. वस्तू क्रमांक सतरा मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा, त्याने मागणी केली, डाग माशाचा निघेल आणि एक निरपराध माणूस घरी जाईल. आरोपीच्या पिंजऱ्यात चालकाने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. बिचाऱ्याला भरून आलं असेल, असं टंकलेखिकेला वाटलं. न्यायाधीशांनी मागणी मान्य केली आणि हुकूम सांगायला सुरुवात केली. 'वस्तू क्रमांक सतरा, शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू, पात्यावर बदकाचा' इथपर्यंत टंकून तिची बोटं थांबली. न्यायाधीशांना पुढचं वाक्य दोनदा सांगावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता मुद्देमालाच्या खोलीत गेली.

"तुम्ही त्या मंगळवारी पुसत होतात तो चाकू कोणता?" तिने विचारलं.

शिकाऱ्याला आधी आनंदच झाला, कोणीतरी आपणहून विचारतंय म्हणून. तो सांगू लागला आणि सांगता सांगता त्याचा आवाज खाली आला. खालीच राहिला.

"मी गंज काढला, बाई."

"तो गंज नव्हता."

"मला गंजच दिसला. मला दुसरं काही दिसतच नाही." त्याने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "डाग माशाचा असेल तर तेवढा एकच पुरावा होता त्याच्याकडे. मी तो कापसाने काढून टाकला. काडी घालून."

इतकी वर्षं खरं-खोटं जसंच्या तसं कागदावर उतरवणाऱ्या त्या बाईने मग जे सुचवलं, त्याचं तिचं तिलाच नंतर नवल वाटलं. ती म्हणाली, गप्प राहा. मोठी प्रयोगशाळा कळवेल की काही सापडलं नाही. कोण कोणाला विचारतंय. तुमचे चार महिने उरलेत, पेन्शन हातातोंडाशी आलीय. पाहिलं असेल तर मीच, आणि मी काही पाहिलेलं नाही.

घरी बायकोने तेच सांगितलं, जरा चढ्या आवाजात. आयुष्यभर चाकूंना जपलंत, आता स्वतःला जपा, एवढंच माझं म्हणणं. त्या रात्री शिकारी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खिशात चाकू न घालता तो कामाला निघाला. गेटवर शिपायाने विचारलं, "आज कोणता?" आणि रिकामा खिसा पाहून त्याने तब्येत बरी आहे ना म्हणून चौकशी केली.

त्याने स्वतः न्यायाधीशांकडे अर्ज दिला आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. टंकलेखिका समोरच होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

चाकू तुमच्याकडे आला तेव्हा पात्यावर डाग होते का, असं विचारताच शिकाऱ्याने सांगायला सुरुवात केली. हे पोलाद जुन्या पद्धतीचं, त्यावर ओलसर डाग महिनाभर राहिला तर पातं खातो, एकदा खड्डे पडले की कोणी काही करू शकत नाही. बदकछापचं पातं तर मुळात पातळ. बोलता बोलता त्याचे हात हवेत चाकू उघडू-मिटू लागले. मागच्या बाकांवर लोक हसू दाबत होते. एकटा शिंपी हसत नव्हता, डाव्या हाताने आपला उजवा हात मांडीवर धरून तो पहिल्या बाकावर बसला होता. प्रत्येक तारखेला तो तसाच बसायचा.

"तुम्हाला चाकूची माहिती विचारलेली नाही," न्यायाधीश म्हणाले. "डागाचं काय केलंत?"

"पुसला, साहेब. तेलाने. आता त्यात काही मिळणार नाही. चूक माझी आहे, या माणसाची नाही."

ही वाक्यं टंकताना तिची एकही चूक झाली नाही.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. पुरावा कोर्टाच्या ताब्यात असताना नष्ट झाला, आरोपीला स्वतःला निर्दोष ठरवायची संधी राहिली नाही, सबब संशयाचा फायदा देऊन सोडण्यात येत आहे. वस्तू क्रमांक सतरा मालकाला परत करावी. शिकाऱ्याची खात्याकडून चौकशी सुरू झाली होती, पण ती संपेपर्यंत खोलीची किल्ली त्याच्याकडेच होती. बायको दोन दिवस बोलली नाही. ऑफिसात मात्र त्याचा भाव वधारला. बचावाच्या वकिलाने व्हरांड्यात सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेऊन सांगितलं की तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून कोर्टं चालतात. शिकारी लाजला. टंकलेखिकेलाही आपल्या सल्ल्याची लाज वाटली आणि ती त्याला म्हणाली की बरं झालं तुम्ही माझं ऐकलं नाहीत. तो म्हणाला, मला झोप लागायला लागली, बाई. एक माणूस वाचला.

चार दिवसांनी चालक आपला चाकू न्यायला आला. टंकलेखिका खोलीतच होती, जुन्या यादीची नक्कल करत होती. शिकाऱ्याने नोंदवही पुढे केली, चालकाने सही केली. शिकाऱ्याने पाकीट फोडून चाकू टेबलावर ठेवला आणि क्षणभर त्याचं बोट त्या बदकावर रेंगाळलं.

चालकाने ते पाहिलं. त्याने चाकू उचलला नाही, उलट शिकाऱ्याकडे सरकवला.

"तुम्ही ठेवा, काका. तुम्हाला याची किंमत कळते असं वकीलसाहेब म्हणाले. माझ्याकडून भेट."

शिकाऱ्याच्या चेहऱ्यावर एकोणीस वर्षं एकदम उजळली. नको नको म्हणत त्याने चाकू हातात घेतलाही. चालक दारापर्यंत गेला, बाहेर कोणी नाही हे बघून परत आला आणि टेबलावर वाकला. बाई यादीत बुडाल्यात असं त्याला वाटलं असावं.

"आमच्या वकिलाने ती तपासणी मागितली ना, तेव्हा मी म्हटलं, संपलं आता. त्या येड्याला मी खरं सांगितलंच नव्हतं," तो खालच्या आवाजात, अगदी मनापासून म्हणाला. "कसला मासा आणि कसलं काय, काका. तुम्ही देवासारखे धावलात."

त्याने वाकून शिकाऱ्याच्या पायांना हात लावला आणि तो निघून गेला.

टंकलेखिकेची बोटं यंत्रावर होती. ऐकलेलं सगळं टंकायची त्यांना सवय होती, पण हे कोणत्या कागदावर टंकायचं ते कोणी सांगणार नव्हतं. निकाल लागला होता. ती शिकाऱ्याकडे बघत राहिली. तो काहीतरी म्हणेल, निदान 'बाई' तरी म्हणेल.

शिकाऱ्याने हातातला चाकू टेबलावर ठेवला. हात आधी फडक्याला पुसले, मग सदऱ्याला, मग पुन्हा फडक्याला. खुर्ची मागे सरकवून तो उठला. किल्ल्यांचा जुडगा नोंदवहीवर होता, तो त्याने तिथेच राहू दिला. आणि दार उघडंच टाकून तो बाहेर पडला.